फोकस कुठे? जाळीवर!

...नाही, तुम्हीच सांगा ना, फोनच्या खोक्यावर काय छापलंय? 'स्वतःहून फोकस करणारा हुशार कॅमेरा'! हुशार! अहो, समोर चांगला हातभर साप पडलाय, सापाच्या पलीकडे माझ्या सासूबाई कपडे धुण्याच्या मशीनवर पाय पोटाशी घेऊन बसल्यात, आणि हा हुशार फोकस करतोय कुठे? जाळीवर! खिडकीच्या डासांच्या जाळीवर! एकेक तार अशी लख्ख, एकेक भोक असं रेखीव, की जाळीवाल्याने दुकानात फ्रेम करून लावावं... आणि मागे साप? काळा ओघळ. सासूबाई? निळा डाग. हा फोटो पाठवायचा आणि समोरच्याला विचारायचं, विषारी आहे का हो? तो काय सांगणार, जाळी चांगल्या प्रतीची आहे!

तुम्हाला सांगतो, मी मुळातला भित्रा माणूस. लपवत नाही. घरात पाल निघाली तर बाकीचे लोक पालीला बाहेर काढतात, मी घर पालीला देऊन बाहेर जातो. आणि नेमकं माझ्याच घरात हे!

तर झालं काय, आमचं घर तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या मागे एक चिंचोळी जागा आहे, तिथे मशीन, बादल्या, कपडे वाळत घालायची दोरी. तिथे जायला स्वयंपाकघरातून एकच दार, आणि ओट्याच्या वर एक खिडकी, तिला ही जाळी, पक्की ठोकलेली. सुट्टीची सकाळ. मशीन चालू. सासूबाई, म्हणजे हिची आई, आमच्याकडेच असतात, जन्मभर मुलींना शिवणकाम शिकवलं, आवाज अजून वर्गातलाच, तर त्या मागे गेल्या वाळलेले कपडे काढायला, वाऱ्याने दार लागलं, आणि थोड्या वेळाने आतून आवाज आला...

"जावईबापू, इथे साप आहे."

अशा सुरात, जसं काही 'दूध संपलंय'! मी धावलो, कडीला हात घातला, तर आतून, "दार उघडू नका! तो दाराला टेकूनच बसलाय."

हात कडीवरच गोठला. म्हणजे माझ्यात आणि सापात एक फळी! आणि फळीखाली काय? फट! अहो, बोट जाईल एवढी फट! मी उडी मारून मागे आलो तो थेट फ्रिजवर आदळलो. हिने तेवढ्यात एक टॉवेल ओढला आणि फटीत कोंबला. माझा टॉवेल. असो.

वॉचमनकडे साप पकडणाऱ्याचा नंबर होता. लावला, सासूबाई आत अडकल्यात ते सांगितलं. तो मोटरसायकलवर, वारा कानात भों भों करतोय.

"साप कसा आहे?"

"वाईट आहे हो!"

"अहो, दिसायला!"

"काळा. वर पांढरे पट्टे."

वारा एकदम थांबला. म्हणजे त्याने गाडी बाजूला घेतली. आता मला सांगा, असा माणूस गाडी बाजूला घेतो म्हणजे काय समजायचं?

"हे बघा," तो म्हणाला, "असे पट्ट्यांचे दोन असतात. दिसायला सख्खे भाऊ. एकाचे पट्टे मानेपासून सुरू होतात, तो गरीब बिचारा. दुसऱ्याचे जरा मागून सुरू होतात."

"आणि तो चावला तर?"

"चावलेलं पटकन कळतही नाही कित्येकदा."

"आणि मग?"

"तुम्ही फोटो पाठवा. डोकं आणि मान स्वच्छ दिसली पाहिजे. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, निघालोय. फोटो आला की आजींना काय करायचं ते सांगतो."

मी म्हटलं, अहो, मी डोळ्याने बघून सांगतो ना! तर म्हणे, "नको. घाबरलेल्या माणसाला पट्टे कुठेही दिसतात."

खोटं नव्हतं. मला तर तोपर्यंत कॅलेंडरवरही पट्टे दिसायला लागले होते.

मग काय, फोन घेतला, ओट्यापासून चांगला दोन पावलं लांब उभा राहिलो, हात लांब केला, मान मागे, एक डोळा मिटला, आणि काढला फोटो. फोकस कुठे? जाळीवर! सापावर बोट टेकवलं. पिवळा चौकोन सापावर आला, थरथरला, म्हटलं आला आला आला... आणि गेला परत जाळीवर! जसं काही कॅमेऱ्यालाही सापाची भीती! पुन्हा टेकवलं. पुन्हा जाळी. लांब केला, जाळी. तिरका धरला, तिरकी जाळी!

"अहो, काय करताय? आई आत आहे!" ही.

"फोटो काढतोय!"

"कसला?"

"जाळीचा!"

आतून सासूबाई, "भांडू नका. त्याने मान हलवली."

हिने मुलीला फोन लावला. मुलगी बाहेरगावी नोकरी करते, तिला या फोनमधलं सगळं कळतं. फोन स्पीकरवर. ही म्हणाली, "आजी सापाजवळ अडकल्ये आणि बाबा जाळीचे फोटो काढतायत." मुलगी आधी नुसतीच रडली. मग नाक ओढलं आणि म्हणाली, "बाबा, ऐका. ऑटो बंद करा. ऑटोला जे आधी दिसतं ते तो धरतो. मॅन्युअल करा."

"म्हणजे?"

"म्हणजे फोकस हाताने करायचा."

बघा! म्हणजे फोन घ्यायचा हुशार, आणि वेळ आली की काम आपल्यालाच!

"खाली 'अधिक' लिहिलंय, तिथे जा. 'प्रो' दाबा. दाबलं? आता 'फोकस' दाबा. एक पट्टी आली?"

पट्टी म्हटल्यावर मी दचकलोच. पण आली. आडवी पट्टी, तिच्या एका टोकाला छोटंसं फूल आणि दुसऱ्या टोकाला डोंगर.

"फुलाकडे नेलं की जवळचं स्पष्ट, डोंगराकडे नेलं की लांबचं."

"साप कशात येतो? फुलात की डोंगरात?"

"मध्ये कुठेतरी, बाबा! हळूहळू सरकवा. जे स्पष्ट होईल त्याच्या कडा हिरव्या चमकतील."

सरकवलं. जाळी हिरवी झाली. अजून सरकवलं, जाळी जरा पुसट, दोरीवरचं माझं बनियन हिरवं. आणि बोट जरा जास्त घसरलं तर थेट मागची भिंत! साप मध्येच कुठेतरी राहून गेला.

"बाबा, तुम्ही खूप लांब उभे आहात. जाळीच्या अगदी जवळ जा, मग ती आड येणार नाही."

जवळ! अहो, खिडकी आणि मी यांच्यामध्ये ओटा! ओट्यावर चढायचं, गुडघे टेकायचे, आणि नाक जाळीला लावायचं, ज्या जाळीपलीकडे तो! मी हिच्याकडे पाहिलं. म्हटलं, तू चढतेस का? हिने माझ्याकडे असं पाहिलं... तिचे ओठ पांढरे पडले होते. तिची आई होती हो आत. मी मुकाट्याने चढलो. एक गुडघा शेगडीवर, एक सिंकमध्ये. छातीत असं धडधडतंय की मला वाटलं सापाला ऐकू जाईल. सापांना कान नसतात म्हणे. पण त्या वेळी कोणाला आठवतंय!

फोन जाळीला लावला. पट्टी फुलापासून सरकवायला घेतली... आणि तेवढ्यात मशीन पिळायला लागलं!

तुम्हाला सांगतो, आमचं मशीन पिळताना नुसतं फिरत नाही, चालतं! सगळी जागा हादरते. आणि त्याच्यावर कोण? सासूबाई!

"जा-जा-जा-वई-ई-बा-पू-ऊ..."

"आई, बटण बंद करा!"

"ब-ब-टण मां-मां-डी-खा-ली..."

आणि तो हादरा जमिनीतून सापाला! इतका वेळ डोकं बादलीच्या सावलीत घालून पडला होता, त्याने ते बाहेर काढलं. वर उचललं. आणि मशीनच्या दिशेला सरकला! ही किंचाळली, स्पीकरवर मुलगी किंचाळली, मी किंचाळलो की नाही मला माहीत नाही, पण शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं, किंचाळलो.

मशीन थांबलं. साप थांबला. सगळंच थांबलं.

आता डोकं बाहेर आलं होतं. मान दिसत होती. फक्त फोटो काढायचा. आणि माझा हात? पानासारखा लटलटतोय! पट्टी फुलावर, डोंगरावर, फुलावर, डोंगरावर... बनियन, भिंत, जाळी! पुन्हा जाळी! माझ्या डोळ्यात पाणी आलं हो. म्हटलं, आपल्या या एका बोटापायी या बाईंचा जीव जाणार.

तेव्हा आतून आवाज आला. हळू. वर्गातला नाही, कधी न ऐकलेला.

"जावईबापू, सुईत दोरा ओवताना हात कापतो का तुमचा?"

म्हटलं, "आई, मी कधी ओवलाच नाही."

"मी हजारो मुलींना शिकवलंय. सुईकडे रागाने बघायचं नाही. कोपर टेकवा. टेकवलं? आता श्वास सोडा. सगळा सोडा. आणि तो सुटलेला असतानाच ओवायचं, परत घ्यायच्या आधी."

साप त्यांच्या पायाशी. आणि त्या मला शिकवतायत!

कोपर नळावर टेकवलं. श्वास सोडला. बोट असं, जसं झोपलेल्या बाळाच्या गालावर ठेवावं तसं ठेवलं, आणि सरकवलं. जाळी हिरवी झाली, पुसट झाली, आणि अहो, नाहीशीच झाली! विरघळली! बनियनची कड गेली, बादलीची कड आली... आणि मग तो आला. एकेक खवला. इतका वेळ नुसता ओघळ होता हो तो. आता त्याला डोळे होते, टाचणीच्या डोक्याएवढे, काळे, आणि मला वाटलं ते माझ्याकडेच बघतायत. पळावंसं वाटलं. पण श्वास घ्यायचा राहिला होता. दाबलं बटण.

पाठवला. सापवाल्याने पाहिला. 'लिहीत आहे...' असं आलं. गेलं. परत आलं. अरे, एवढं काय लिहितोयस बाबा, कादंबरी लिहितोयस का?

उत्तर आलं. 'जहरी आहे. पट्टे मागून आहेत. आजींनी पाय खाली सोडू नयेत. पोचतोच.'

मी वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "एक सांगू का? मला मगापासून डावा पाय कळतच नाहीये."

मला सापवाल्याचं वाक्य आठवलं. 'चावलेलं पटकन कळतही नाही.' त्या मशीनवर चढल्या कधी? आधी साप दिसला की आधी पाय उचलले? त्यांनाच आठवेना. ही खाली बसली. मी ओट्यावरच, सिंकमध्ये गुडघा, जाळीला कपाळ टेकवून त्यांच्याशी बोलत राहिलो. काय बोललो? काहीही! हवामान, भाजीचे भाव, मुलीची नोकरी. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी एवढं बोललो नव्हतो. त्या मध्येच म्हणाल्या, "तुम्ही बोलता चांगलं. जेवताना का नाही बोलत?"

तो आला. सापवाल्याने आधी फोटो मोठा करून पाहिला, तोंड कोणत्या बाजूला, शेपूट कुठे, मग आम्हाला बाहेरच्या खोलीत घालवलं, टॉवेल काढला, दार जरासं उघडलं, लांब दांडीचा आकडा आत घातला... बाहेर आला तेव्हा हातात पिशवी, आणि पिशवी हलत होती. मी सोफ्यावर उभा.

तिथून थेट दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी पाय बोटांपासून गुडघ्यापर्यंत तपासला, रक्त घेतलं, आणि म्हणाल्या, दिवसभर नजरेखाली ठेवू. तो दिवस! दर थोड्या वेळाने विचारायच्या, पापण्या जड वाटतात का, गिळता येतं का. सासूबाई म्हणायच्या, "गिळता येतं, पण तुमचा चहा गिळवत नाही." आणि एका हाताने त्यांनी माझं मनगट धरलं होतं, ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. घाबरल्या होत्या हो त्याही. फक्त त्यांचा आवाज घाबरला नव्हता.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई हसत आल्या. चावलेला नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या. "एवढा वेळ पाय दुमडून पिळणाऱ्या मशीनवर बसलं तर कोणाचाही पाय बधिर होईल!"

मी तिथेच बाकावर बसलो आणि हुंदके देऊन रडलो. सासूबाई हिला म्हणाल्या, "यांना पाणी दे गं."

संपलं, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं! पण तो फोटो! तो सापवाला आहे ना, त्याने तो फोटो गावभर दाखवला. 'बघा, जाळीतून काढलाय! असा फोकस पाहिजे!' परवा दार वाजलं. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड साहेब, चेहरा पांढराफटक. म्हणे, "आमच्या कपाटामागे काहीतरी सळसळतंय. सापवाल्यांना फोन केला, तर ते म्हणाले, खाली फोकसवाले राहतात, आधी त्यांना घेऊन जा!"

फोकसवाले! मी लगेच सापवाल्याला फोन लावला. म्हटलं, अहो, असं काय करता, मला सापाची प्रचंड भीती वाटते हो!

तर म्हणतो कसा, "वाटू द्या की साहेब! ती काय फोटोत येत नाही."