कोलंबोच्या बाकाला तीन तारे

मनकर्णाबाई : बॅगा ठेवा खाली. चपला तिकडं. आन मला आधी हे सांगा, आकाश कोलंबोत काय करत होता?

प्रणय : आई, जय भीम तरी घेशील का नाही? आठ दिवसांनी आलोय परदेशातून.

मनकर्णाबाई : जय भीम. काय करत होता?

संध्या : कोण आकाश?

मनकर्णाबाई : या घरात एकच आकाश होता. तुमचा मोठा भाऊ. तीन वर्षं झाली त्याला जाऊन. काल मी मेसच्या पोरांची डाळ फोडणीला टाकायले, तर शेजारची अमृता फोन घेऊन आली. म्हणली, मावशी, आकाशदादानं कोलंबोच्या विमानतळाला तीन तारे दिलेत.

संध्या : प्रणय.

प्रणय : आई, पाणी मिळेल का?

मनकर्णाबाई : माठ जिथं सोडून गेला तिथंच हाय.

संध्या : प्रणय, तू दादाच्या नावानं लिहिलंस?

प्रणय : एकच लिहिलं.

संध्या : एकच.

प्रणय : श्रीलंकेतून एकच. एकूण तीन.

मनकर्णाबाई : मला कुणी नीट सांगंल का? अमृता तर म्हणली, काळजी करू नका मावशी, तब्येत बरी असणार, चहाबद्दल लिहिलंय. आता शेजारी सून होऊन येऊन तिला एकच वर्ष झालं, तिला काय माहीत. मी म्हणलं, व्हय, चहाचा लई शौकीन. दुसरं काय म्हणणार?

प्रणय : सांगतो. दादा फर्दापूरला टॅक्सी चालवायचा का नाही? पाहुणे लेण्या बघायला वर गेले की हा खाली बसून फोनवर काहीतरी टाइप करायचा.

मनकर्णाबाई : व्हय. घरी आला तरी तेच. मला वाटायचं पोरगी हाय एखादी. मी तर अमृताच्या सासूला सांगून बसले होते, आमच्या आकाशचं जमलंय.

प्रणय : पोरगी नव्हती. नकाशा होता. फोनमधला. जिथं जाईल त्या जागेला तारे द्यायचे आणि खाली दोन ओळी लिहायच्या. चारशे अकरा जागांना दिलेत.

मनकर्णाबाई : चारशे अकरा. आन एक पोरगी नाय.

प्रणय : तो गेल्यावर त्याच्या खात्यावर मेल आला. दोन वर्षं कुणी वापरलं नाही तर खातं पुसून टाकू. माझं औरंगपुऱ्यात मोबाईलचं दुकान, लोकांचे मेलेले फोन रोज उठवतो. आपल्याच भावाचं खातं जाऊ देऊ? म्हणून वर्षातून एकदा लिहायचं. पहिल्यांदा पेट्रोल पंपाला दिले, दुसऱ्यांदा रसवंतीला. कुणाच्या लक्षात आलं नाही. कोलंबो जरा जास्त झालं, मान्य.

संध्या : नुसतं उघडून बंद केलं असतंस तरी चाललं असतं. लिहायची गरज नव्हती.

प्रणय : माहितीये.

संध्या : मग?

प्रणय : पाणी गार आहे, ताई. घे.

संध्या : आई, म्हणूनच मी जायच्या आधी तुझ्याशी बोलले होते. खातं बंद करायचा अर्ज छापून आणलाय. वारस म्हणून तुझी सही लागते. आल्यावर करते म्हणाली होतीस.

मनकर्णाबाई : म्हणले होते. पण तुला कामून एवढी घाई?

संध्या : कारण दादाचं खातं माझ्या फोनवर पण उघडं आहे, आणि मी शेंद्र्याला कंपनीत मालाच्या तपासणीवर असते. टेबलावर पाचशे नट पडलेले असतात, मोजून एकेक बघायचा. तीनशे बाराव्याला फोन वाजतो, आणि फोन म्हणतो, आकाशच्या फोटोला हजार जणांनी पाहिलं. मग मी फोनकडं बघत बसते. मग परत पहिल्या नटापासून. असं किती वेळा? मागच्या महिन्यात साहेब विचारायला लागला, तुझी नजर कमजोर झाली का.

मनकर्णाबाई : हं.

संध्या : माणूस गेला तर गेला, आई. फोनला पण कळायला पाहिजे.

मनकर्णाबाई : ठेव कागद तिथं. करते सही. पण आधी कोलंबोचं. तीन तारे कशाला दिले?

प्रणय : बाकाला. चहाला नाही. आम्हाला तिथं सव्वा तास बसवून ठेवलं होतं.

मनकर्णाबाई : काय केलं तुम्ही?

संध्या : यानं केलं. खिडकीवर साहेबानं पासपोर्ट मागितले, यानं रबरासकट गठ्ठाच सरकवला. त्यात तीन निघाले. माणसं दोन. साहेबानं माझ्याकडं बघितलं, याच्याकडं बघितलं, आमच्या मागं बघितलं. मागं एक ठेंगणी जपानी बाई होती. मग तिसरा उघडून विचारलं, हा कुठाय?

प्रणय : आणि माझ्या तोंडून निघालं, येतोय.

मनकर्णाबाई : येतोय?

प्रणय : कमिंग, म्हटलं. नेक्स्ट प्लेन. आई, काय करू, 'वारला' म्हणायला तोंड उघडलं आणि हे बाहेर आलं.

संध्या : साहेब भला माणूस. म्हणाला, मग एकत्रच या तिघं, बसा तिथं. पाणी पण पाठवलं. म्हणून आम्ही बसलो, दादाची वाट बघत.

मनकर्णाबाई : आन तू काहीच बोलली नाय? तू तर मोठी बोलकी.

संध्या : मी उठत होते सांगायला. दोनदा उठले.

प्रणय : दोनदा उठली, दोनदा पाणी पिऊन आली.

संध्या : तू बाकावर मधे जागा ठेवून बसला होतास. त्यावर माझी पर्स ठेवली तर म्हणालास, ताई, उचल.

प्रणय : कुणी येऊन बसलं असतं तर? सांगितलं होतं ना साहेबाला, येतोय म्हणून. बोललो त्याला जागलं पाहिजे.

मनकर्णाबाई : मंग?

प्रणय : मग चेन्नईचं विमान उतरलं. दीडशे-दोनशे माणसं आत आली. आणि आपली ताई, मेलेल्या माणसाचं खातं बंद करणारी, ती नट तपासतात तसं एकेक तोंड तपासायला लागली.

संध्या : तू उभा राहिला होतास.

प्रणय : पाय आखडले होते.

संध्या : टाचा वर करून?

प्रणय : पुढं उंच माणूस होता.

मनकर्णाबाई : आला का?

संध्या : आई.

मनकर्णाबाई : विचारलं आपलं. सव्वा तास बसलात म्हणून.

संध्या : शेवटचा माणूस गेला. हॉलमधे झाडूवाला आला. मग मी गेले खिडकीवर आणि सरळ सांगितलं. आमचा मोठा भाऊ. तीन वर्षांपूर्वी नऊ दिवस ताप आला. तिघांनी एकाच दिवशी पासपोर्ट काढले होते, अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायला. साहेबानं ऐकून घेतलं. आमच्या दोघांच्या पासपोर्टवर शिक्के मारले. तिसरा उघडला, फोटो बघितला, हात जोडले. मग तिन्ही एकावर एक ठेवून रबर स्वतः लावलं.

मनकर्णाबाई : त्याच्यावर शिक्का नाय मारला?

प्रणय : शिक्क्याला माणूस लागतो.

संध्या : पण मला एक कळत नाही. जायच्या आदल्या दिवशी दादाचा पासपोर्ट मी स्वतः काढून कपाटात ठेवला होता. गठ्ठ्यात दोनच होते. हा म्हणतो, मी हात नाही लावला.

प्रणय : बाबासाहेबांची शपथ, नाही लावला.

मनकर्णाबाई : शपथा घेऊ नको. मी घातला.

संध्या : तू?

मनकर्णाबाई : दोघांचेच ठेवले तर रबर ढिलं व्हायलं. तिघांच्या मापाचं रबर हाय ते.

प्रणय : आई, कोलंबोत मला पकडलं असतं.

मनकर्णाबाई : रबरासाठी कुणाला पकडत नसतेत. पान आणलं का माझं?

संध्या : आणलं. बोधिवृक्षाचं, खाली पडलेलंच घेतलं, तोडलेलं नाही. दादाच्या पासपोर्टमधे ठेवलंय. सगळी कोरी पानं, नीट दाबून राहतं.

मनकर्णाबाई : झालं तर मग. पोचला. दे पेन.

(मनकर्णाबाई गॅसवरचं भगुणं बाजूला सरकवून ओट्यावर अर्ज पसरते.)

मनकर्णाबाई : कुठं करायची?

संध्या : इथं खाली. आई, तुझी इच्छा नसेल तर...

मनकर्णाबाई : पोरगी नट मोजायची सोडून रडत असंल तर कसली इच्छा? करते. पण पुसून टाकायच्या आधी एकदा ऐकू दे. तीन वर्षं झाली त्याचं काही ऐकलं नाय. वाच रे.

प्रणय : सगळे चारशे अकरा?

मनकर्णाबाई : पोरं जेवायला साडेसातला येतेत. तोवर जेवढे होतील तेवढे.

प्रणय : हे बघ, लेण्या. 'पायऱ्या फार. दोन हजार वर्षांपूर्वी माणसाला घाई नसावी. चार तारे.' हे औरंगपुऱ्यातलं पार्किंग. 'जागा मिळाली. कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून गाडीसकट फोटो टाकला आहे. चार तारे.' हा न्हावी. 'कान शाबूत. चार तारे.'

मनकर्णाबाई : त्याचाच आवाज हाय. अजून.

प्रणय : आपल्या गल्लीतला स्पीडब्रेकर. हा तर नकाशावर नव्हताच, दादानंच नोंदवला. 'लांबून दिसत नाही, पण जवळ आल्यावर आठवणीत राहतो. चार तारे.' खाली बावीस जणांनी फोटो टाकलेत.

संध्या : एका पुणेकरानं गचके बसल्याचा व्हिडिओ टाकलाय.

मनकर्णाबाई : तुला कसं माहीत? तू तर बघत नसतीस.

संध्या : ...नट मोजताना दिसलं.

प्रणय : आणि ही, थांब. ही तर आपलीच. मनकर्णा खानावळ, टीव्ही सेंटर.

मनकर्णाबाई : माझी?

प्रणय : 'भाकरी एक नंबर. पिठलं असं की भांडायला आलेला माणूस जेवून जातो. मालकीण न विचारता वाढते आणि मग ताटात टाकलं म्हणून ओरडते. मालकिणीच्या ओळखीनं जाऊ नये, भांडी घासायला बसवते. चार तारे.'

मनकर्णाबाई : किती?

प्रणय : चार.

मनकर्णाबाई : पाचात?

प्रणय : हौ.

मनकर्णाबाई : स्पीडब्रेकरला किती होते?

प्रणय : चार.

मनकर्णाबाई : म्हंजी मी आन स्पीडब्रेकर सारखेच. एकोणतीस वर्षं जेवला माझ्या हातचं. दुसऱ्यांदा भाकरी मागितली नाय असा एक दिवस नाय. हे घे पेन. मी सही करत नसते.

संध्या : आई, आत्ता म्हणालीस...

मनकर्णाबाई : आता पुसलं तर हेच चार कायमचे राहतील माझ्या माथ्यावर. आधी पाच कर म्हणावं. मंग बंद करा का काय करायचं ते.

प्रणय : मी नाही करणार. नवीन लिहिलं ती माझी चूक. पण त्यानं स्वतः लिहिलंय ते त्याचं मत आहे. त्याला हात लावायचा नाही.

मनकर्णाबाई : कोलंबोच्या बाकाला तीन देताना मत कुणाचं होतं?

प्रणय : माझं. बाक कडक होता.

संध्या : त्यावरूनच मी ओळखलं असतं. दादा तीन द्यायचाच नाही. जागा वाईट असली तर काहीच लिहायचा नाही. आवडली तर चार. नक्कल करायची तर नमुना तरी बघायचा, प्रणय.

प्रणय : एक मिनिट. चारशे अकरात एकही पाच नाही?

संध्या : एकही नाही. बोधिवृक्ष बघितला असता तर त्याला पण चारच दिले असते.

मनकर्णाबाई : हे कसलं मोजमाप? आई आन न्हावी एका मापात?

संध्या : मी विचारलं होतं त्याला. एकदा कंपनीची बस चुकली, तर शेंद्र्याला सोडायला आला होता. म्हटलं, दादा, एवढं आवडतं तर पाच का देत नाहीस?

मनकर्णाबाई : काय म्हणला?

संध्या : जाऊ दे.

मनकर्णाबाई : संध्ये.

संध्या : म्हणाला, पाच दिले की त्या जागेचं आणि आपलं काम संपलं. एक हातात ठेवायचा. म्हणजे तो द्यायला परत यावं लागतं.

प्रणय : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

संध्या : तू विचारलं नाहीस.

प्रणय : आई?

संध्या : आई, काय करतेस? तो अर्ज आहे. त्याच्यावर भगुणं ठेवू नकोस.

मनकर्णाबाई : गरम हाय. ओट्याला डाग पडतेत.

संध्या : बरं.

मनकर्णाबाई : तुझा फोन वाजतो ना सारखा, तो मुका करून दे म्हणावं तुझ्या भावाला. मोबाईलवाला हाय तो. एवढं येत असंल.

प्रणय : एका मिनिटाचं काम आहे. ताई, आधी का नाही सांगितलंस?

संध्या : नको. वाजू दे. मी नट दोनदा मोजीन.

प्रणय : आई, ऐक ना. तुझ्यासाठी एक डाव मोडतो नियम. खानावळीचे पाच करू?

मनकर्णाबाई : नको. चारच राहू दे.