एसीची नळी अन् मायचा चिन्नोर

...अन् वरून बायको मलेच विचारते, "अजी, उन्हाळ्यात छत गळते काऊन?" आता काय सांगू बाप्पा! आभाळात ढग नाही, अन् मायच्या पलंगावर टप... टप... टप!

तुमाले सांगतो, मी खुमेंद्र, कुडव्याले राहतो. कवेलूचं, म्हंजे कौलारू घर, खाली लाकडी पाट्यांचा माळा. माय, देवकाबाई, दवनीवाड्याहून आमच्याकडे आली ते दोन कट्टे, म्हंजे पोती घेऊन. चिन्नोर धानाचं बियाणं! बाबा गेले, पण त्यांच्या हातचं बियाणं मायनं दरसाल राखलं. बजारात भेटते का तसं? नाही भेटत. तं ठेवले कट्टे माळ्यावर, ताडपत्री झाकून.

मग मायले उकाड्यानं चक्कर आली. डॉक्टर म्हणे थंड्यात ठेवा, म्हून एसी घेतला. लावणारा म्हणे, "भिंत कायले फोडता? पाण्याची नळी माळ्यावरूनच मागं काढतो, दिसणार बी नाही." खरंच, नळी नाही दिसली. डाग दिसला! आधी पुरीएवढा, मग पोळीएवढा, मग परातीएवढा...

शेजारचे शालीकराम म्हणे, "कवेलू फुटलं." पावसाविना फुटलेलं कवेलू गळते का? पण घाबरलेला माणूस विचारते का? फेरले सारे कवेलू, काढून नव्यानं बसवले. अन् डाग वाढूनच राहिला.

मग आणला गुलशन मेकॅनिकले. तो म्हणे, "भैया, नली कब साफ कराई थी?" मी म्हणलो, नळी बी साफ करा लागते? त्यानं माह्याकडं असं पाह्यलं, जसं मी दात घासत नाही! मागच्या टोकातून त्यानं हवा मारली, तं आतून काळी, बुळबुळीत शेवाळाची काई निघाली, गांडुळावानी! म्हणे, "हर दो महीने में करना।" बरं बाप्पा. अन् डाग वाढूनच राहिला.

दुसऱ्यांदा आला, माळ्यावर चढला. "भैया, ढाल ही नहीं है! नली बीच में झोल खा रही है, पानी वहीं बैठा है।" बांधली वर ओढून. तुमी म्हणाल, तुमी काऊन नाही चढले? माहे गुडघे पाहा ना जरा!... अन् डाग वाढूनच राहिला.

तिसऱ्यांदा म्हणे, "अब तो नली को पसीना आ रहा है।" घ्या! मायले घाम येऊ नये म्हून एसी, तं नळीलेच घाम! माळा तापलेला, नळी थंडी, अन् वरचा झरोका मी पोतं कोंबून बंद केलेला, मांजर येते म्हून. मग दमट हवा जाईल कुठी? म्हणे, "फोम लपेटता हूँ, आप झरोखा खोलो।"

तं चढलो एकदाचा, कण्हत कण्हत. झरोका उघडला, उजेड पडला, ताडपत्री उचलली, अन् पाहातो तं काय! एक कट्टा वर पाटावर होता, तो कोरडा. पण नळीखालच्या कट्ट्यात ताडपत्रीखालून पाणी शिरलेलं! पोत्यातून कोंब बाहेर आलेले, बोटभर!

आता मायले कोण सांगणार? बायको म्हणे, "तुमी सांगा, तुमची माय आहे." कट्टा खाली उतरवला, तिच्यासमोर ठेवला.  मायनं हात घातला आत, मूठभर कोंब बाहेर काढून पाह्यले. मले वाटलं, रागवली तं बरं होईल. मी म्हणलो, "माय, चुकलो. फेकून येतो." तशी भडकली! "फेकतोस कायले? कोंब आले म्हंजे जित्ता हाय. जित्त्याले फेकते का कोनी?"

अन् गेली ना घरामागं, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, कुदळी घेऊन! नळीचं पाणी पडते तिथंच माती भुसभुशीत केली, अन् कोंब टाकले. मी म्हणलो, "माय, रोहिणी नक्षत्र बी नाही लागलं, पाणी कुठून आणशील?" तिनं नळीकडं बोट दाखवलं.

तुमाले काय सांगू, डाग वाळला, माळा वाळला, गुलशन सुटला. धानाच्या रोपांचं परं मस्त हिरवंगार आलं, हातभर जागा नुसती डुलून राहिली. पण काल अवकाळी पावसाचे चार थेंब पडले, गारवा सुटला. मी एसी बंद करायले रिमोट उचलला, तं माय आतून ओरडली, "हात नको लावू, परं तहानलं हाय!"

तवापासून भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसलो आहो.