उघडं राहिलेलं पान

इचोड्याच्या भाजीपाला संघाच्या ऑफिसात रांगेत उभ्या केशवरावांचा पारा चढला होता. संघाची साइट घडीत चालायची, घडीत बंद पडायची. त्यांच्या पुढं बयनाबाई उभ्या होत्या. कॉम्प्युटरवाला लखन त्यांना सांगत होता,

“काकू, बिघाड सापडला. डेटाबेसले एका वेळी मोजकेच कनेक्शन भेटतात. कोणी पान उघडून तसंच ठेवलं का बाकीच्याइले एरर येते.”

“कोण ठेवते, बापा?”

“आपणच. काका गेल्यापासून तुमी गाळ्यावरून त्यायचं नाव काढाले येता, अन् पान उघडलं का म्हणता, राहू दे आज. मंग मी बी बंद नाही करत.”

“नाव दिसते ना रे तिथं. तोंडानं तं म्या कधी घेतलंच नाही.”

“पण गाळा तुमच्या नावावर करा लागते, काकू.”

“मालूम आहे. किती लोक खोळंबले माह्यापायी!”

“खोळंबू द्या, बाई. आमाले घाई नाही,” केशवराव मागून म्हणाले.

“नाही, भाऊ. लखन, मी म्हटलं का बटन दाब.”

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पडद्यावरच्या नवऱ्याच्या नावाकडे वाकल्या.

“भगवानराव, या आता.”