संगणकातली जमीन

पाणी तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या ड्रायव्हरच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या मच्छीमाराचं आणि संगणकवाल्या मॅडमचं बोलणं पडत होतं.

"खोल समुद्रातलं, मासे गुदमरवणारं पाणी किनाऱ्याला कधी लागणार, हे तुमचा संगणक सांगतो ना?"

"सांगतो, काका. बंदराला आठवडाभर आधी कळवलं होतं."

"आणि आमच्या खाडीला?"

"नकाशातला एकेक चौकोन किलोमीटरभराचा असतो. खाडी त्याहून अरुंद, म्हणून संगणकाने तिला जमीन धरलं."

"मग तीन दिवस टोपल्या भरभरून मेलेले मासे उपसतोय, ते जमिनीतून?"

"चुकलंच, काका. या महिन्यात खाडी नकाशात घालते."

"घाला सावकाश. आता तिथे घाई असलेलं कुणी उरलेलं नाही."