पहिला विरोधक लाइनवर

आमच्या टॉक रेडिओच्या पहिल्या दिवसाचं तुला सांगितलंच नाही ना? पेनसिल्व्हेनियात थोडक्या मतांनी अख्ख्या अमेरिकेची निवडणूक फिरते, म्हणून आम्ही मुद्दाम तिथल्या एका गावात पुरोगामी गप्पांचा शो सुरू केला. होस्ट मी, आणि कॉल घ्यायला आमच्या नागपूरच्या सुलभाकाकू.

अर्धा तास एकही कॉल आला नाही. मी एकटाच बडबडत होतो. मग फोन वाजला आणि काकूंनी काचेपलीकडून चिठ्ठी दाखवली, 'विरोधी पार्टीवाला, खूप चिडलाय.' मला आनंदच झाला. वाद रंगला तरच लोक ऐकतात, यार.

पण काकू कॉल जोडेचनात. शेवटी जाहिराती लावल्या आणि धावत त्यांच्याकडे गेलो.

"काकू, जोडा ना त्याला."

"अरे, मी आपलं सवयीनं विचारलं, जेवलात का? तर म्हणाला, बायको गेल्यापासून दुपारी जेवतच नाही."

"मग?"

"मग काय, अंडी उकडायला लावली त्याला. खाऊन घेऊ दे, मग भांड किती भांडायचं ते."