नव्वद-चौदा की नव्वद-पंधरा

— अहो, तेच तर म्हणतेय मी, दोन्हीकडे जकात शून्यच आहे! मालाला नव्वद-चौदा आकडा लावा, शून्य. नव्वद-पंधरा लावा, तरी शून्य. खोटं बोलून कुणाचे चार पैसे वाचत असते ना, तर मला कळलं असतं, इथे रोज कोणी ना कोणी चीजला प्राण्यांचं खाद्य म्हणतं, चामड्याच्या बुटांना रबरी म्हणतं, त्याचं काही वाटत नाही आम्हाला, माणूस आहे, वाचवणार. पण इथे वाचत काहीच नाही नि तरी कागदावर खोटं — मग ते कशासाठी? नाही नाही, तुम्ही खोटारडे असं नाही हो म्हणत मी! बसा ना. वॉफल घ्या. शुक्रवार आहे, शुक्रवारी मी वॉफल करते सगळ्यांसाठी, आणि आज बघा, सगळे गायब. बेर्गेनमध्ये ऊन पडलं, वर शुक्रवार, संपलं, दुपारपासून अख्खं शहर डोंगरातल्या आपापल्या लाकडी घरांत. मीच तेवढी राहिले पीठ घेऊन. तपकिरी चीज लावू? की जॅम? — बरं, नुसती कॉफी.

तर कसंय, तुम्हाला पेटी आज हवी, बोट संध्याकाळी सुटणार, हे कळलं मला. पण सही माझी जाणार ना. आम्ही सरकारी नाही, आम्ही मधले, गिऱ्हाइकाच्या वतीने सरकारला सांगायचं की हा माल अमुक आहे, याला हा आकडा लावा. आता तुमच्या कागदावर लिहिलंय मासे शोधायचं यंत्र. ते जातं नव्वद-चौदात. आणि समुद्राचा तळ मोजायचं यंत्र जातं नव्वद-पंधरात. दोन शेजारी, भिंतीला भिंत. दोघंही पाण्यात आवाज सोडतात, प्रतिध्वनी ऐकतात, दिसायलाही भावंडं. फरक एवढाच की माशांचं यंत्र आणलंत तर कुणी काही विचारत नाही, आणि तळ मोजायचं आणलंत तर लष्कराची परवानगी दाखवावी लागते. लागणारच ना, आमच्या किनाऱ्याखाली काय काय पडलंय, पाइप, केबली, पाणबुड्या कुठे वळतात — सगळा नकाशा कोण कशाला देईल परक्याला.

— हो, आधी आलीय, माहितीय मला. हीच पेटी. डिसेंबरात आली, जानेवारीच्या शेवटी परत गेली, त्याच्या आधीही एकदा येऊन गेलीय. प्रत्येक वेळी नव्वद-चौदा. कारण गुडमुन! आमच्याकडचा सगळ्यात जुना माणूस, त्याची पद्धत म्हणजे मागच्या वेळचा आकडा बघायचा नि तोच लावायचा. एकदा कुणीतरी मासे म्हटलं की जन्मभर मासेच. मी म्हटलं, गुडमुन, पेटी उघडून तरी बघूया, तर म्हणतो, "सुन्नीवा पोरी, तू जकातवाली आहेस की गुप्तहेर?" नि हसतोय आपला, पोट धरून. सगळ्या ऑफिसला सांगत सुटला. दोन दिवस मला कुणी नावाने हाक मारली नाही, मॅडम गुप्तहेर, कॉफी संपली, मॅडम गुप्तहेर, प्रिंटर अडकलाय!

तर मी उघडली. अहो, हक्क आहे आम्हाला, शंका आली तर बघायचा, कपाळावर आठ्या नका आणू. वरवर सगळं बरोबर होतं, ते पाण्याखाली लावायचं जड डोकं, स्क्रीन, वायरींची भेंडोळी. मासेवाल्याकडे असतंच ते, माझे बाबाच बोटीवर होते, लहानपणी त्यांच्या स्क्रीनवर लाल-हिरवे डाग बघत बसायचे मी. पण तळाशी फोममध्ये एक स्टीलची नळी होती, एवढी, हाताएवढी. दोरीला बांधून पाण्यात सोडायची. तुम्हाला माहितीच असेल ती कशासाठी. — नाही? खरंच? बरं. पाण्यात आवाज किती वेगाने जातो ते मोजते ती. गार पाणी, खारं पाणी, वरचा थर, खालचा थर, सगळीकडे वेग वेगळा. आणि तो वेग यंत्राला सांगितला नाही ना, तर सपाट तळ वाटीसारखा दिसतो, दोन्ही कडा वर वळलेल्या. आता सांगा, कुठल्या मासेवाल्याला पडलीय तळ सपाट आहे की वाटी? मासा दिसला, जाळं टाकलं, विषय संपला! ती नळी फक्त त्यालाच लागते ज्याला खालचा दगड न् दगड जागच्या जागी हवा. माझ्या दृष्टीने तिथेच नव्वद-पंधरा झालं. पेटीत काय आहे त्यावरून ठरतं, आणणारा त्याचं काय करणार म्हणतो त्यावरून नाही. पहिल्याच महिन्यात शिकवतात हे.

बघा, तिथेच थांबायला हवं होतं मी. पट्टी लावायची, "सोडू नये", नि घरी जायचं. पण माझं असं आहे ना, एकदा डोक्यात काही शिरलं की... मी ते यंत्र चालू केलं. म्हणजे पेटीतल्याच स्क्रीनला जोडून. म्हटलं, चित्र कसलं दाखवतं ते बघू, डाग की डोंगर. आणि शेवटचं चित्र तसंच होतं आत. कुणी पुसलंच नव्हतं.

— सांगते ना. थांबा, कॉफी ओतते. तुम्ही फार कमी बोलता बुवा. आधीचा तो लाल टोपीवाला यायचा ना तुमच्याकडून, तो काय बोलायचा, बापरे, मलासुद्धा ऐकून घ्यावं लागायचं! कुठेय तो? — अच्छा. आता नाही येणार. बरं.

तर चित्र. तळच होता, इतका स्पष्ट, की पाणी उपसून टाकावं नि वरून बघावं. खडक, घळई, आणि त्यांच्यावरून गेलेला एक दोरा. दोऱ्यासारखी दिसते केबल वरून. आणि तो आकार मला ओळखीचा वाटला — म्हटलं ना, बाबा बोटीवर, ते खडक मला पाठ आहेत. स्कार्वयाची खाडी होती ती. माझी बहीण राहते त्या बेटावर. म्हणजे बघा कसा योगायोग. योगायोगच म्हणत होते मी आधी. मग दिसलं की दोऱ्यावर एके ठिकाणी कुणीतरी लाल फुली मारलीय. जिथे केबल एका खडकावरून दुसऱ्यावर जाते नि मध्ये लोंबकळते ना, बरोब्बर तिथे.

तुम्ही पेपरात वाचलं असेल, जानेवारीत स्कार्वयाची केबल तुटली. सगळे म्हणाले, कुणाचातरी नांगर अडकला. होतं असं. फोन मुके, इंटरनेट मुकं, वर वादळ, फेरी बंद. आणि माझ्या बहिणीला त्याच दिवशी कळा सुरू झाल्या, वेळेच्या खूप आधी. तिचा नवरा घरोघर पळत सुटला, कुणाचा तरी फोन लागतोय का बघायला. शेवटी बेटावरच्या गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या नि त्यांनी सोडवलं तिला. गोठ्यातलं सामान घेऊन. माझी बहीण आता हसून सांगते ते सगळ्यांना, म्हणते, मला कानात बिल्ला लावायचाच राहिला फक्त. बाळ ठीक आहे. म्हणजे — आता ठीक आहे. डावा हात हलवत नाही अजून, पण होईल म्हणतात.

तर त्या चित्रात केबल अखंड आहे. कळतंय ना मी काय म्हणतेय? चित्र तुटायच्या आधीचं. आणि फुली, जिथे तुटली, तिथेच. गोताखोरांनी सांगितलेली जागा पेपरात आली होती, मी ताडून बघितली. आणि — हे मी बोलणार नव्हते खरं — फुल्या दोन आहेत. दुसरी फुली वर उत्तरेला आहे, मोठ्या बेटाच्या केबलवर. जिथे इस्पितळ आहे. ती केबल अजून तुटलेली नाही. आणि पेटी परत आलीय. आणि बोट आज संध्याकाळी सुटतेय.

म्हणून म्हणतेय, पेटी नाही सुटणार आज. सॉरी. तुमच्यावर राग नाही माझा, तुम्ही काय, तुम्हाला पाठवलंय कुणीतरी कागद घेऊन, तुम्हाला नळीसुद्धा माहीत नव्हती. तुमचंही डोकं गरगरलं असेल ऐकून. मी म्हटलं, पोलिसांकडे जायच्या आधी समोरच्या माणसाला सरळ विचारावं, उगीच कुणाच्या पोटावर पाय नको. कदाचित साधं काहीतरी असेल, केबल कंपनीसाठीच मोजत असाल, परवानगी घरी राहिली असेल. असेल ना तसं?

— नाही, अजून कुणालाच नाही. बहिणीला कसं सांगणार, ती वेडी होईल. आणि गुडमुनला चित्राचं सांगितलं असतं तर आयुष्यभर मॅडम गुप्तहेरच झाले असते. त्याला फक्त म्हटलं, नळी सापडलीय, गिऱ्हाइकाशी बोलून घेते. तर तो कसनुसं हसला नि गाडीत सामान भरायला गेला. त्याच्या डोंगरातल्या घराकडे फोनला रेंजसुद्धा नाही. सोमवारी सकाळी पहिलं काम, मी स्वतः जाणार, फोटो घेऊन. — हो, काढलाय ना. फोनवर. नाही, फोनवरच आहे, अजून कुठे टाकला नाही. हा बघा. मोठा करून बघा, घ्या, हातात घ्या, तसं नाही दिसायचं. ही पहिली फुली. आता वर सरकवा. ही दुसरी.

बघितलंत? काटा येतो ना अंगावर? आणि ती नळी बघायची असेल तर चला खाली गोदामात, तुम्हीच सांगा, ती बघून कोण म्हणेल मासे. किल्ली आहे माझ्याकडे. चला ना. — का नको? पेटी बघायला काय हरकत... — काय? — बोटीवर? कुणाच्या? नाही, असं कसं, मी पट्टी लावलीय तिच्यावर. — गुडमुनने? दुपारी? मी वॉफल करत होते तेव्हा? — हां. हो. करतो तो तसं. इथे सगळेच करतात शुक्रवारी, ओळखीचं गिऱ्हाईक असलं की माल आधी, कागद सोमवारी. पट्टी बघून म्हणाला असेल, पोरीचे चोचले.

म्हणजे पेटी तुमच्याकडेच आहे. दुपारपासून.

मग तुम्हाला कागद आज लागतच नव्हते. सोमवारी चालले असते. मग वर आलात कशाला? मी मघापासून बडबडतेय, आकडा, नळी, फुल्या, कुणाला सांगितलं, कुणाला नाही... तुम्ही मला एकदाही थांबवलं नाहीत.

माझा फोन द्या ना. — अहो, फोन.

कोट कशाला काढताय? आम्ही ऑफिस बंद करतोय.