तीन सव्वीसला काढलेला स्टॉप

नाव : पेरेस अडोयो ओमोलो. वय : ६३ वर्षे. धंदा : निवृत्त प्राथमिक शिक्षिका, विषय गणित. राहणार : मन्याट्टा, किसुमू. जबाबाची तारीख व वेळ : ११ जून, मंगळवार, सकाळी १०.२०.

मला कोणी बोलावलेले नाही. आपण होऊन ठाण्यात आले आहे आणि समक्ष सांगते ते असे की,

आमच्या वस्तीत बावीस बायकांचा बचत गट आहे. मयताच्या घरी लागणारे तंबू, खुर्च्या आणि मोठे टोप घेऊन ते भाड्याने द्यायचे, यासाठी गट पैसे साठवत होता. डोर्सिला अविनो या गटाच्या अध्यक्षा. सध्या आपल्या कोठडीत असलेला नॅशन ओकेलो, वय २९, हा माझ्या मयत भावाचा मुलगा. तो फोनवरून परदेशी चलनांचे सौदे करतो. गेल्या वर्षी गटाने ठराव करून एक लाख ऐंशी हजार शिलिंग त्याच्याकडे दिले. हिशेब मी बघावा, ही डोर्सिलाची अट होती. ती म्हणाली होती, "पोरगा तुमचा, पैसा आमचा. बाई, तुम्ही त्याच्या शेजारी बसणार असाल तरच."

पहिले दोन महिने पैसे कमी होत गेले. मी सगळे सौदे वहीत उतरवून पाहिले. नॅशनचे अंदाज वाईट नव्हते. प्रत्येक सौद्यात घ्यायचा भाव आणि विकायचा भाव यांत थोडे अंतर असते, ते दलालाचे. नॅशन दिवसाला पंधरा सौदे करायचा आणि पंधरा वेळा ते अंतर भरायचा. पहाटे बाजार सुस्त असतो तेव्हा ते तिप्पट होते. सौदा रात्रभर ठेवला तर व्याज कापतात, बुधवारी ठेवला तर तीन दिवसांचे एकदम. गेलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त अशा खर्चातच गेले होते.

त्यावर मी नियम लिहून दिले. लंडनचा बाजार उघडा असतानाच सौदा करायचा. दिवसाला दोनच. रात्रीसाठी काही ठेवायचे नाही. मोठी बातमी येणार असेल तर अर्धा तास आधी सगळे बंद करायचे, कारण त्या वेळी दलाल अंतर वाढवतात. आणि प्रत्येक सौद्याला स्टॉप लावायचा, म्हणजे भाव ठरल्यापेक्षा खाली गेला तर सौदा आपोआप बंद होतो. नियम गटात वाचून दाखवले आणि सगळ्यांनी त्यावर अंगठे आणि सह्या केल्या. मे अखेर दोन लाख एकतीस हजार झाले. बायका थट्टा करायच्या, "बाई, रोज पौंड घेता म्हणे. मग आम्हाला एखादा दाखवा तरी, कसा दिसतो!"

दि. ७ जून, शुक्रवार. दुपारी १.१० ला नॅशनने माझ्या घरी बसून पौंड घेतले, डॉलरच्या बदल्यात. २.१५ ला त्याच्या दुसऱ्या फोनवर निरोप आला की, त्याची बायको लॅव्हेंडर हिला कळा सुरू झाल्या असून तिला दवाखान्यात नेले आहे. तीन आठवडे बाकी होते. त्याने सौद्यांचा फोन माझ्या हातात दिला.

तो म्हणाला, "आत्या, साडेतीनला अमेरिकेचे नोकऱ्यांचे आकडे आहेत. तीनला बंद कर. नफा असू दे, तोटा असू दे, बंद कर."

मी म्हणाले, "नियम कुणी लिहिलेत?"

तो हसला आणि मोटारसायकलवर बसून गेला.

३.०० वाजता सौदा सहा हजार दोनशे शिलिंग तोट्यात होता. दुसऱ्या दिवशी गटाची बैठक होती. त्याआधी सलग अकरा आठवडे मी बैठकीत तोटा वाचलेला नव्हता. मी सौदा बंद केला नाही.

३.२६ ला अंतर वाढायला लागले. भाव जागचा हलला नव्हता, पण नुसत्या अंतरानेच स्टॉप लागून सौदा तोट्यात बंद झाला असता. हे मला माहीत होते. नॅशनला मीच हे आकृती काढून समजावले होते. म्हणून मी स्टॉप काढला. अंतर आवळले की परत लावायचा, असे ठरवले होते.

३.३० ला आकडे आले. पौंड पडला. ३.३३ ला अंतर आवळले, माझा अंदाज बरोबर होता. तोपर्यंत भाव फार खाली गेलेला होता. मी स्टॉप लावला नाही. भाव परत वर येईल आणि तोटा भरून निघेल म्हणून ३.३६ ला दुप्पट पौंड घेतले. ३.४४ ला पुन्हा त्याच्या दुप्पट. तोटा खात्यातल्या पैशांएवढा होत आला तेव्हा, ३.५८ ला, दलालाने सगळे सौदे आपोआप बंद केले. खात्यात एक हजार चारशे शिलिंग राहिले. या सर्व वेळा फोनमध्ये आहेत. फोन ठाण्यात जमा केला आहे.

त्यानंतर मी सुकी ओमेना मासळी निवडायला घेतली.

नॅशन ५.४० ला आला. म्हणाला, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." मग त्याने फोन बघितला.

"स्टॉप कुठंय?"

"काढला."

"तू?"

"मी."

त्याने विचारले, "जेवलीस का?" मी नाही म्हणाले. त्याने मक्याच्या पिठाची उगाली शिजवली. आम्ही जेवलो.

दि. ८ जून, शनिवार, दुपारी २ वाजता डोर्सिलाच्या अंगणात बैठक झाली. मी वही उघडण्याआधी नॅशन उठला आणि म्हणाला, "पैसे गेले. फोन माझ्याकडं होता. स्टॉप मी काढला." आरडाओरडा झाला. डोर्सिला त्याला म्हणाली, "बाईंनी लिहून दिलं होतं ना रे तुला? त्यांच्या तोंडाला काळं फासलंस!" मग ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्हाला माहीत होतं का?" मी नाही म्हणाले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका," असे म्हणून तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बायकांनी नॅशनला धरून ठाण्यात आणले. मी गेले नाही. कोणीतरी मला चहा आणून दिला. तो मी प्याले.

रविवारी मी घरीच होते.

काल सोमवारी लॅव्हेंडरला घरी सोडले. मी संध्याकाळी भेटायला गेले. ती म्हणाली, "आत्या, अडीचपासून पाचपर्यंत तो माझ्यापाशी होता. माझा हात धरून होता. मग फोन कुणाकडं होता?" तिने मुलीला माझ्या मांडीवर दिले आणि ती अंघोळीला गेली. पाऊण तास मूल माझ्याकडे होते.

आज सकाळी जबाबापूर्वी मला कोठडीपाशी पाच मिनिटे दिली. नॅशन म्हणाला, "घरी जा, आत्या. मला चोर म्हणतील, म्हणू देत. मी किसुमू सोडीन, मोंबासाला जाईन. तू कुठं जाणार या वयात? तुला बाई म्हणायच्या बंद होतील त्या."

मी म्हणाले, "होऊ देत. तुला तुझ्या पोरीला वाढताना बघायचंय की नाही?"

तो रडला. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि नाव पुकारल्यावर आत आले.

नॅशनने स्टॉप काढलेला नाही, नंतरचे सौदेही केलेले नाहीत. शुक्रवारी २.१५ ते ५.४० या वेळेत फोन फक्त माझ्या हातात होता. शनिवारी डोर्सिलाला मी खोटे सांगितले. गटासमोर हेच सगळे पुन्हा सांगायला मी तयार आहे. नॅशनला सोडावे.

हे सर्व मी डोलुओ भाषेत सांगितले. अंमलदारांनी लिहून घेतले आणि मोठ्याने वाचून दाखवले. वाचताना "स्टॉप माझ्याकडून चुकून निघाला" असे आले. मी तसे सांगितले नव्हते. अंमलदार म्हणाले, "असू द्या, तुमच्याच सोयीचं आहे." मी "चुकून" हा शब्द खोडायला लावला आणि "निघाला" च्या जागी "मी काढला" असे लिहून घेतले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी सगळे बरोबर आहे.